टाकायचं अर्धं

माझ्या सासऱ्यांचा माझ्यापेक्षा एका चिनी मातीच्या बरणीवर जास्त विश्वास होता. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. बरणीने त्यांचा रेडिओ दुरुस्तीला घेतला नव्हता.

मी घेतला होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिंगारच्या बाजारात मी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं आणि शैलाच्या वडिलांवर छाप पाडायची मला घाई झाली होती. रेडिओ मी पूर्ण खोलला, फुंकर मारून पुसला, पुन्हा जोडला. तो वाजलासुद्धा! फक्त टेबलावर मूठभर स्क्रू उरले. ते पुडीत बांधून मी म्हणालो, "दादा, हे जास्तीचे होते." दादांनी पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुडी खिशात घातली. ती त्यांनी अजून जपून ठेवली आहे.

तरीही त्यांनी मुलगी दिली. सासुरवाडी आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. (वरातीच्या वेळी बँडवाल्यांचं पहिलं गाणं अर्ध्यात आलं तेवढ्यात आम्ही पोचलो. उरलेलं गाणं त्यांनी आमच्या ओट्यावर बसून संपवलं.)

दादांचं आयुष्य कॅन्टोन्मेंटमध्ये लष्करी मेसच्या भट्टीसमोर गेलं. रिटायर झाल्यावर त्यांनी परसात विटांची छोटी भट्टी बांधली आणि घरच्यापुरता पाव भाजायला लागले. बेकरीतला फुसका पाव नव्हे! गोल, दणकट, वरून खरपूस, आतून जाळीदार आणि चवीला किंचित आंबट. चहात बुडवला तरी मान टाकायचा नाही. त्यात विकतची पावडर वगैरे काही नसायचं. सगळी करामत त्या बरणीतल्या खमिराची. खमीर म्हणजे काय, तर आंबवलेलं गव्हाचं पीठ आणि पाणी. पण ते दादांना त्यांच्या उस्तादांनी दिलेलं होतं आणि वयाने शैलापेक्षा मोठं होतं. ते जिवंत ठेवायला त्याला रोज खाऊ घालावं लागे. रोज त्यातलं अर्धं काढून टाकायचं आणि उरलेल्या अर्ध्यात तेवढंच ताजं पीठ नि पाणी कालवायचं. एवढा साधा कारभार.

दरवर्षी हंगामाच्या सणाला दादांचा पाव देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचा. आमच्या मंडळीत त्या दिवशी ज्याच्या त्याच्या शेतातलं, घरातलं पहिलं पीक वेदीपुढे मांडतात. ऊस, बाजरीची कणसं, भोपळे, क्वचित पाय बांधलेली एखादी रागीट कोंबडी. आणि या सगळ्याच्या मधोमध दादांचा पाव. उपासना संपली की त्याचा तुकडा प्रत्येकाला मिळायचा. लोक उपदेश विसरत, तुकडा विसरत नसत.

त्या वर्षी सणाच्या तोंडावर दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. पुण्याला मेव्हण्याकडे राहायचं, सोबत शैला जाणार. प्रश्न एकच उरला, बरणीचा.

"बरणी हे सांभाळतील," शैला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

दादांनी बरणी पोटाशी धरली.

"दादा, पीठ आणि पाणी तर घालायचंय," मी म्हणालो. "त्यात स्क्रू कुठे आहेत?"

"म्हणूनच भीती वाटते," दादा म्हणाले. "स्क्रू उरले तर दिसतात तरी."

पण शैला हटली नाही आणि दुसऱ्या दिवशी दादांनी बरणी माझ्या हातात ठेवली. निघताना शैलाने मला बाजूला घेतलं. "अहो, मी शब्द टाकलाय. माझं नाक कापू नका. रविवारी वेदीपुढे दादांचा पाव नसला तर मी तुमच्याशी बोलणार नाही." मी छातीवर हात ठेवला. एस.टी. हलली. आणि बरणी, मी आणि माझी आई असे तिघंच घरात उरलो.

पहिल्याच संध्याकाळी मी चमचा घेऊन अर्धं खमीर काढलं आणि मोरीकडे वळलो.

"काय करतोस रं?" आई दारातच उभी. आई श्रीगोंद्याकडची. ताटात शीत टाकलं तर उपाशी झोपवणाऱ्या घरातली.

"अर्धं टाकायचंय, आई."

"टाकायचं? गव्हाचं पीठ? चांगलं?"

"दादा रोज टाकतात."

"ते लष्करातलं हायेत. सरकारचं पीठ हुतं. आपलं न्हाई. आमी असलं पाप करत न्हाई. आन् देवाला काय त्वांड दाखवायचं?"

"मग काय करू याचं?"

"शेजारी दे की वाटीभर. इरजन देत न्हाई का आपन?"

आता बघा, यात चूक काय होती? विरजण सगळी गल्ली एकमेकांना देते. आई म्हणाली ते मला इतकं पटलं, की मी स्वतः वाटी घेऊन शेजारच्या कमलमावशींकडे गेलो. "दादांचं खमीर आहे, मावशी. धिरडी करा, मस्त जाळी पडेल." मावशींनी धिरडी केली. सकाळी वाटी परत आली ती लसणाच्या चटणीने भरून! कारण आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दिलं एक, आलं दुसरं.

माझे डोळे उघडले. पीठ, पाणी आणि एक चमचा, एवढ्या भांडवलावर घरात चटणी येत होती! दुसऱ्या दिवशी वाटी पलीकडच्या सुभेदारमामांकडे गेली. ती कैरीच्या लोणच्यासह परतली. तिसरी शमीमभाभींकडे. तिथून दुधातल्या शेवया आल्या, वर बदामाचे काप. लग्न झाल्यापासून मी घरात इतका नीट कधीच जेवलो नव्हतो. (ही गोष्ट तिला अजून माहीत नाही. म्हणजे आजपर्यंत नव्हती.)

हाव वाईट. जास्त वाट्या पाठवायच्या तर जास्त खमीर हवं, म्हणून मी बरणीत पीठ दाबून घालायला लागलो. एका सकाळी उठलो तर बरणीचं झाकण जागेवर नव्हतं! ते चुलीजवळ पालथं पडलेलं, आणि बरणीतून पांढरं, लिबलिबीत काहीतरी वर येऊन फळीवरून सावकाश खाली उतरत होतं. आईने किंकाळी फोडली.

"सुम्या, ह्ये जित्तं हाय!"

"जिवंतच असतं ते, आई."

"मग घरात कशाला ठिवलंस?"

शिवाय मला नवीनच खाज सुटली होती, ज्ञानदानाची. वाटी देताना मी आता प्रवचनही द्यायला लागलो. "सगळं संपवू नका. थोडं ठेवा. रोज अर्धं काढायचं, अर्धं घालायचं. काढलेलं टाकायचं नाही, शेजारी द्यायचं." त्या काळात 'हे पोस्टकार्ड पुढे पाठवा, नाहीतर अनर्थ होईल' अशी पत्रं फिरत. मी ज्याला हसायचो, तेच मी पिठात सुरू केलं, हे मला कळायला हवं होतं.

शमीमभाभींना तर मी हे सगळं फळ्यावर लिहून दाखवावं तसं समजावलं. त्यांच्या मागच्या फळीवर फडकं बांधलेली एक बरणी होती.

"लोणचं का, भाभी?"

"हां, वैसाच कुछ," भाभी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. "तुम्ही सांगा, सुमंतभाई. अर्धं काढायचं, मग?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या. इतका चांगला श्रोता मला गल्लीत दुसरा मिळाला नाही.

गल्लीत फोन फक्त भाभींकडे होता. दादांचा फोन तिथेच यायचा. मी पोचेपर्यंत भाभीच दादांशी बोलत असायच्या. "हां दादा, एकदम अच्छी है, रोज फुगते!" आणि मग हसत रिसीव्हर माझ्या हातात. मी म्हणायचो, "फर्स्ट क्लास, दादा! काळजी नको." पलीकडून दादा म्हणायचे, "मला काळजी नाहीच." त्यांचा माझ्यावरचा हा नवा विश्वास पाहून मी गल्लीतून ताठ मानेने घरी यायचो.

इकडे गल्ली भरत चालली होती. मी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक घर रोज अर्धं काढत होतं आणि शेजारी देत होतं. तो शेजारी त्याच्या शेजारी. पण आमची गल्ली आहे बंद तोंडाची. पुढे द्यायला घरंच संपली! मग खमीर उलटं फिरलं. आणि आमच्या वाट्या परत यायला लागल्या. कशाने भरून? चटणी संपली होती, लोणचं संपलं होतं, शेवया कोण रोज करणार? पण भांडं रिकामं कसं द्यायचं! तेव्हा लोकांनी घरात जे मुबलक होतं तेच वाटीत भरलं. खमीर!

संध्याकाळी मी दुकानातून आलो तर ओट्यावर वाट्या, फुलपात्री, एक डबा आणि सुभेदारमामांचा लष्करी मग, सगळे ओळीने बुडबुडे काढत बसलेले.

"आई, हे सगळं कुठे ओतायचं?"

"आदीचं वतलं की मी," आई शांतपणे म्हणाली. "सकाळपासून येतंय. कुटं ठिवनार? बरनीत वतलं. बरनी भरली, मग बरनीतलं नि ह्ये समदं मोठ्या पातेल्यात घातलं, ढवळलं, आन् पुन्यांदा बरनी भरून ठिवली."

मी पातेल्याजवळ बसलो. वास घेतला. मग बरणीचा वास घेतला. दोन्हींचा वास एकच. आणि तो दादांच्या खमिराचा नव्हता!

मी धावत कमलमावशींकडे गेलो. "मावशी, तुम्ही त्यात काय घालत होता?"

"गहू संपले होते रे. ज्वारीचं पीठ घातलं. आणि जरा ताक. बिचारं सुकल्यासारखं दिसत होतं."

तिथून सुभेदारमामांकडे. मामा अभिमानाने म्हणाले, "हिंग. चिमूटभर, रोज. आंबट वस्तू आहे, वात धरते. बटालियनमध्ये आम्ही—"

बटालियनमध्ये काय करायचे ते ऐकायला मी थांबलो नाही. पुढच्या घरात साखर, त्याच्या पुढच्या घरात मेथीचे दाणे. उस्तादांनी दादांना दिलेलं, शैलापेक्षा वयाने मोठं, कधी बुरशी न लागलेलं ते खमीर आता अख्ख्या गल्लीच्या मसाल्याच्या डब्यातून न्हाऊन निघालं होतं. आणि त्याच क्षणी शमीमभाभींनी त्यांच्या दारातून हाक मारली.

"सुमंतभाई, दादांचा फोन होता. शनिवारी दुपारच्या गाडीने येताहेत. म्हणाले, रात्री पीठ भिजवायचं, रविवारी पहाटे भट्टी पेटवायची."

मी घरी आलो आणि जमिनीवर बसलो. शैलाचं नाक, दादांचं खमीर, वेदीपुढची मोकळी जागा, सगळं डोळ्यांपुढे नाचायला लागलं. आई जवळ येऊन बसली.

"रडतोस व्हय?"

"नाही."

"त्यांस्नी काय दिसनार हाय? डोळ्याला पट्टी आसंल."

मला धीर आला. खरंच की! दादांना दिसणारच नव्हतं. मी बरणी बाहेरून घासून लख्ख केली. आतलं काही करता येण्यासारखं नव्हतं, म्हणून वरून थोडं ताजं गव्हाचं पीठ भुरभुरलं. रेडिओचं बटण चालत नसलं की मी त्यावर स्टिकर लावायचो, त्यातलाच हा प्रकार.

शनिवारी दादा आले. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, हात शैलाच्या खांद्यावर. पाणीही न पिता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "आणा."

मी बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी झाकण काढलं. बोट बुडवलं. बोट नाकाजवळ नेलं. मी शैलाकडे पाहिलं नाही. शैला माझ्याकडेच पाहत होती, ते मला कानांना कळत होतं.

"हिंग," दादा म्हणाले.

मी झाकण पुसायला लागलो.

"ताक." थोड्या वेळाने, "ज्वारी." मग त्यांनी बोट जिभेला लावलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की तसा मी बरणी माझ्या हातात देतानाही पाहिला नव्हता. "मेथी? जावईबापू, हे खमीर आहे का बाळंतिणीचा लाडू?"

मग मी सगळं सांगितलं. आई मध्येमध्ये भर घालत होती, "पन टाकलं न्हाई हो, कनभर टाकलं न्हाई!" आणि तेवढ्यात दारात गर्दी झाली. दादा आल्याची बातमी गल्लीभर गेली होती आणि प्रत्येकजण आपापली वाटी घेऊन आला होता. "दादा, आमच्याकडचं घ्या, चांगलं फुगलंय!" "आमचं घ्या, आम्ही हिंग घातलाय!" दादा काळ्या चष्म्याआडून त्या आवाजांकडे वळले. एकेक वाटी त्यांच्या नाकाखालून फिरली. शैला डोळ्यांना पदर लावून उभी होती. हे पाहून मात्र मला खरोखर वाईट वाटलं. चटणीच्या मोहापायी मी तिच्या बापाची आयुष्यभराची ठेव घालवली होती.

"दादा, मला माफ करा," मी म्हणालो. "उद्या वेदीपुढे पाव नसेल. सगळं माझ्यामुळे."

"का नसेल?" दादा म्हणाले. मग दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "शमीम, आण गं आपली बरणी."

गर्दीतून भाभी पुढे आल्या. हातात ती फडकं बांधलेली बरणी! तेच 'वैसाच कुछ'! दादांनी फडकं सोडलं, वास घेतला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसले. आतलं खमीर गोरंपान, जाळीदार, गोडसर-आंबट वासाचं. जसंच्या तसं.

भाभींना रोज मी, मी! अर्धं काढायचं नि अर्धं घालायचं शिकवत होतो!

"म्हणजे फोनवर भाभी 'रोज फुगते' म्हणायच्या ती—"

"ही," दादा म्हणाले.

"आणि 'मला काळजी नाहीच' म्हणालात, ते—"

"हिच्याबद्दल."

"मग दादा, माझ्याकडे होतं ते काय होतं?"

दादांनी बरणीवर फडकं पुन्हा नीट बांधलं. "निघायच्या आदल्या दिवशी मी अर्धं काढलं होतं ना. टाकायचं अर्धं. शैला हट्टाला पेटली होती, पोरीचा मान राखायला हवा. तेच तसल्याच दुसऱ्या बरणीत भरून तुम्हाला दिलं."

टाकायचं अर्धं! ज्याच्यासाठी मी झोप घालवली, गल्लीभर धावलो, बरणी घासली, ते मुळात मोरीत जायचं पीठ होतं. शैलाने डोळ्यांवरचा पदर काढला. ती रडत नव्हती. ती हसत होती, आणि पदर मगापासून त्यासाठीच लावलेला होता. तिला भाभींनी सकाळीच फोनवर सगळं सांगितलं होतं!

त्या रात्री दादा खुर्चीवर बसून सांगत होते आणि पीठ मी मळत होतो, कारण डॉक्टरांनी त्यांना वाकायला आणि भट्टीजवळ जायला मनाई केली होती. "जोरात. स्क्रू नाहीत त्यात, घाबरू नका." पहाटे शैलाने भट्टी पेटवली. रविवारी वेदीपुढे, उसाच्या नि भोपळ्यांच्या मधोमध, दादांचा पाव होता. माझ्या हातचा म्हणून एका बाजूला जरा कललेला होता, पण होता.

आणि पातेलंभर गल्लीचं खमीर? आईने त्याची धिरडी घातली. मिरची-कोथिंबीर घालून, देवळाच्या आवारात, मोठ्या तव्यावर. हिंग, ताक, ज्वारी, मेथी, सगळं अगदी जागच्या जागी लागलं. पाळकसाहेबांनी तीनदा मागून घेतली. कमलमावशी सगळ्यांना सांगत होत्या, "ज्वारी माझी!" सुभेदारमामा म्हणत होते, "पण हिंग बघा!" आई तव्यामागून माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "टाकलं आसतंस तर?"

परतताना मी दादांचा हात धरून चाललो होतो. पोट भरलेलं होतं, पण मन काही भरेना.

"दादा, एक विचारू? एका बरणीसाठी तुमचा माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता. मग मुलगी कशी दिलीत हो?"

दादा थांबले. काळा चष्मा माझ्याकडे वळला.

"बरणीचं अर्धं मागे ठेवता येतं, जावईबापू. पोरगी एकच होती, तिचं कसं ठेवणार? म्हणून तर चार घरं सोडून दिली. रोज डोळा ठेवता येतो." त्यांनी चष्मा जरा वर सरकवला. "आणि आता तर डोळाही नवा आहे."